एस्काल्देसचं ऊन पाणी : अँडोरातले निवांत दिवस

(दृश्य : रस्त्याकडेचा दगडी झरा. धारेतून वाफ निघते आहे.)

हे पाणी थेट डोंगराच्या पोटातून येतंय. धारेखाली हात धरायची घाई करू नका, भाजेल. एस्काल्देस गावाच्या भर वस्तीत वाहणारा हा झरा, नाव रोक देल मेत्जे. इथे तिकीट नाही, फाटक नाही. समोरून बस जाते, दप्तरं पाठीला लावलेली पोरं जातात, आणि धार चालूच असते.

धार पडते तिथे जरा जवळून बघा. दगडाला पांढरट, लोकरीसारखे धागे चिकटलेत. गंधकावर जगणारे जिवाणू असे धागे धरतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत उतरलेल्या माणसाला इथला गंधकाचा वास लगेच ओळखीचा वाटेल.

(दृश्य : ड्रोन. दरी, दोन नद्यांचा संगम, उतारावरची घरं.)

फ्रान्स आणि स्पेनच्या मधोमध, पिरेनीज पर्वतरांगेत अँडोरा हा देश वसलाय. क्षेत्रफळ अवघं ४६८ चौरस किलोमीटर. विमानतळ नाही, रेल्वे नाही. बार्सिलोनाहून बस धरायची आणि साधारण तीन तास वळणं मोजत वर यायचं. राजधानी अँडोरा ला वेल्ला समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. एस्काल्देस तिला इतकं खेटून आहे, की एक गाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं ते चालताना कळत नाही.

या देशाला राष्ट्रप्रमुख दोन. एक स्पेनमधल्या उर्जेलचे बिशप, दुसरे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष. १२७८ साली बिशप आणि दक्षिण फ्रान्समधल्या फ्वाचे सरदार यांच्यात जो करार झाला, त्याचा धागा आजवर तुटलेला नाही. लिखित राज्यघटना मात्र १९९३ची.

बहुतेक प्रवासी येतात ते स्वस्त करांच्या दुकानांसाठी आणि हिवाळ्यात स्कीइंगसाठी. ती दुकानं या फिल्ममध्ये दिसणार नाहीत. आम्हाला या देशात सगळ्यात मोलाचं वाटलं ते पाणी.

(दृश्य : कड्यावरून झिरपणारं पाणी, ग्रॅनाइटच्या भेगा.)

इथे ज्वालामुखी नाही. मग पाणी तापतं कसं? डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ ग्रॅनाइटच्या भेगांतून खाली उतरत जातं. जितकं खोल जाल तितकी पृथ्वी गरम, त्यामुळे पाणीही तापत जातं. वाटेत खडकातलं गंधक, सोडियम, सिलिका त्यात विरघळतं. मग खडक जिथे तुटलाय, सरकलाय, तिथे त्याला वर यायला वाट मिळते. एस्काल्देस नेमकं अशा जागी आहे. काही झऱ्यांचं पाणी ७० अंशांच्या आसपास तापमानाला बाहेर पडतं.

(दृश्य : जुनी दगडी घरं, नदीकाठ, एस्काल्सचा कमानी पूल.)

या पाण्यात निवांत डुंबण्याची चैन फार उशिरा आली. त्याआधी त्यात लोकर धुतली जायची. मेंढीच्या कच्च्या लोकरीत मेण असतं, घाम असतो, माती आणि काटे असतात. थंड पाण्यात कितीही खळबळलं तरी ते मेण सुटत नाही. गरम पाण्यात सुटतं, आणि पाणी अल्कधर्मी असेल तर आणखी लवकर. एस्काल्देसचं पाणी गरम आहे आणि अल्कधर्मीही. लाकडं जाळून हंडे तापवायची गरज नाही. डोंगरच तापवून देतोय. म्हणून मेंढपाळांच्या या देशात लोकरीचा धंदा याच गावात जमला. उन्हाळाभर कळप वरच्या कुरणांत चरायचे, आणि त्यांची लोकर खाली या काठावर यायची. कडाक्याच्या थंडीत, कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून ती धुणाऱ्या माणसांचं काही चित्रण आमच्याकडे नाही. पण या गावाचं पहिलं भांडवल म्हणजे हे पाणी आणि ते हात. आजच्या स्पामध्ये पाय टाकण्याआधी एवढं माहीत असायला हवं.

१९३०च्या दशकात वरच्या एंगोलास्तेर्स तळ्याचं पाणी अडवून वीजकेंद्र उभं राहिलं आणि त्याच कामासोबत गाड्यांचे रस्ते झाले. रस्त्याने पाहुणे आले, पाहुण्यांसाठी हॉटेलं आली. त्या काळातल्या ग्रॅनाइटच्या भिंती आजही उभ्या आहेत. एकेक चिरा छिन्नीने घडवलेला, कडा अजून धारदार.

(दृश्य : काचेचा मनोरा, त्यात उलटे पडलेले डोंगर.)

आणि हे कॅल्देआ, ऊन पाण्याचा आजचा स्पा. १९९४ साली सुरू झालेलं, फ्रेंच वास्तुरचनाकार जॉँ-मिशेल रुओल यांनी आखलेलं. मनोरा ८० मीटर उंच. काच अशी, की आजूबाजूचे सुळके तिच्यात उतरतात.

आत मोठं तळं आहे, आणि तेच पाणी भिंतीपलीकडे उघड्यावरही आहे. पोहत पोहत बाहेर यायचं. डोक्याला झोंबरी हवा, मानेखाली ऊब. पलीकडे इंडो-रोमन नावाचं स्नानगृह आहे. तिथे दोन हौद शेजारी शेजारी, एकात पाणी ३६ अंशांचं, दुसऱ्यात १४. गरम हौदात अंग सैल सोडायचं, मग उठून थेट गार हौदात. पहिल्या क्षणी श्वास अडकतो. मग त्वचेवर मुंग्या येतात, अंग आतून पेटल्यासारखं होतं, आणि पुन्हा गरम पाण्यात शिरताना खांदे आपोआप खाली येतात. घाई करणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. फोन लॉकरमध्ये ठेवा आणि घड्याळही.

या भरभराटीत घरभाडी मात्र फार चढली आहेत. हॉटेलांत, दुकानांत राबणारे कितीतरी लोक सीमेपलीकडच्या ला सेऊ द'उर्जेलमध्ये राहतात आणि रोज ये-जा करतात.

(दृश्य : दगडी फरसबंद पायवाट, पिवळी पडलेली झाडं, खळाळती नदी.)

एस्काल्देसच्या मागेच मद्रिऊची दरी सुरू होते. २००४ साली मद्रिऊ-पेराफिता-क्लारोर या दरीला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. देशाची जवळजवळ नऊ टक्के जमीन या दरीत आहे, आणि तिच्यात एकही गाडीरस्ता नाही. आम्हाला अँडोरात पाण्याइतकीच आवडलेली गोष्ट ही. एवढ्याशा देशाने, जिथे बांधकामाला सपाट जागा मिळत नाही, तिथे एवढी दरी पायी चालणाऱ्यांसाठी राखली.

वाट पहिल्यापासून चढाची. दोन्ही बाजूंना सुक्या दगडांच्या भिंती, चुना नाही, माती नाही. दगडावर दगड नुसता बसवलेला. या दगडाकडे बघा : मोठा चिरा खाली, त्याच्या फटीत ठोकलेली बारीक चीप, आणि शेवाळाने दोघांना धरलेलं. पुढे एंत्रेमेसाइग्वेस आणि रामिओ या छोट्या वस्त्या लागतात, उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं दिसतात. आणखी वर जुन्या लोखंडभट्टीचे अवशेष आहेत. तिच्यासाठी याच दरीतल्या झाडांचा कोळसा व्हायचा. आज ती झाडी परत आली आहे. फोंतव्हेर्दची दगडी झोपडी आली, की एका दिवसाची चाल पुरेशी झाली असं समजा.

(दृश्य : लोखंडी तव्यावर परतली जाणारी कोबी-बटाट्याची थापी.)

हे त्रिन्शात. उकडलेला कोबी आणि बटाटा एकत्र कुस्करून, तव्यावर थापून दोन्ही बाजूंनी खरपूस करायचा. वर डुकराच्या मांसाचे काप येतात; शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच सांगा, कारण बऱ्याचदा परतायलाही तीच चरबी वापरतात.

(दृश्य : बसस्थानक, सामान चढवणारे प्रवासी.)

जायचं ठरवलंत तर व्हिसा मल्टिपल एंट्री शेंगेनच काढा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचं क्षेत्र. अँडोरा शेंगेनमध्ये नाही, म्हणून इथे येणं म्हणजे त्या क्षेत्राबाहेर पडणं, आणि परत स्पेन किंवा फ्रान्समध्ये शिरायला दुसरी एंट्री लागते. आणि दरीची चाल सकाळी ठेवा, कुंड संध्याकाळी. पोटऱ्या भरून आलेल्या असताना त्या ३६ अंशांच्या पाण्यात उतरा.