यकृतातले पहारेकरी

नमस्कार श्रोतेहो.

यकृत म्हटलं की आपल्याला पित्त आणि कावीळ आठवते. पण ऊतींमध्ये ठाण मांडून राहणाऱ्या शरीरातल्या महाभक्षक पेशींपैकी, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशींपैकी, 80 ते 90 टक्के एकट्या यकृतात असतात. त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. यकृतातल्या ताऱ्यासारख्या पेशींचं वर्णन 1876 मध्ये करणाऱ्या कार्ल फॉन कुप्फर यांच्यावरून हे नाव पडलं.

इतका बंदोबस्त कशासाठी? यकृतात येणारं जवळजवळ पाऊण रक्त आतड्यांकडून आणि शेजारच्या अवयवांकडून पोर्टल शिरेतून येतं. त्यात अन्नरस असतो, तसे जिवाणूंचे तुकडेही असतात. अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून बसलेल्या या पेशी ते गिळत राहतात. जुन्या तांबड्या पेशीही संपवतात आणि त्यातलं लोह पुन्हा वापरात आणतात.

त्यांचा मोठा गुण मात्र संयम. प्रत्येक तुकड्यावर त्या खवळल्या असत्या, तर यकृतात अखंड दाह राहिला असता. म्हणून एरवी त्या गाजावाजा न करता साफसफाई करतात, आयएल-10सारखी द्रव्यं सोडून इतर पेशींनाही शांत ठेवतात.

यकृतात चरबी साचली की हा संयम सुटू लागतो. चरबीने जखमी झालेल्या पेशींचे इशारे येतात, आतड्यांतून जिवाणूंचे अंशही जास्त झिरपू लागतात. मग कुप्फर पेशी टीएनएफ, आयएल-1 अशी दाहक द्रव्यं सोडतात. ‘आता साखर बनवणं थांबव’ हा इन्सुलिनचा निरोप त्यामुळे यकृताच्या पेशींपर्यंत नीट पोहोचत नाही. रात्रभर पोटात अन्नाचा कण नसताना सकाळची साखर वाढलेली दिसते, त्याचं एक मोठं कारण हेच: यकृत स्वतःच साखर बनवून रक्तात सोडत असतं.

पुढे जुन्या कुप्फर पेशी मरतात. त्यांच्या जागी रक्तातून नव्या पेशी येतात, त्या जास्त चिडखोर असतात. त्यांच्या चिथावणीने शेजारच्या तारका पेशी (या कुप्फर पेशींहून वेगळ्या) कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणू लागतात आणि यकृतात व्रण, म्हणजे जखम भरल्यावर राहतो तसा कडक भाग, धरतो.

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलं की ‘बऱ्याच जणांना असतं’ म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवला जातो. मला हे अजिबात पटत नाही. व्रण कितपत आहे, हे डॉक्टरांना विचारा. वजन जास्त असेल आणि ते 7 ते 10 टक्क्यांनी उतरलं, तर अनेकांच्या यकृताचा दाह ओसरतो, काहींचा व्रणही मागे हटतो.