गाविलगडचा कडा, पूर्णेचा गाळ

(ड्रोन : नरनाळा किल्ल्याची तटबंदी, खाली दक्षिणेला अकोटचं मैदान)

नरनाळ्याच्या तटावरून दक्षिणेला पाहिलं की सातपुडा इथे एकदम संपलेला दिसतो. लागते ती थेट काळी, सपाट जमीन. नकाशावर तर हा कडा जवळपास सरळ रेघेत जातो. जळगाव जामोदच्या डोक्यावरून नरनाळा, चिखलदरा, सालबर्डी आणि तिथून मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे. नद्या डोंगर कोरतात, पण इतक्या लांबवर पट्टी लावल्यासारखा कोरत नाहीत. या रेघेखाली जमीन तुटलेली आहे. हा गाविलगडचा प्रस्तरभंग. भूशास्त्रवाले बोलताना सरळ ‘गाविलगड फॉल्ट’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

(चिखलदरा : पंचबोलचा कडा, आडवे थर)

समोरचे आडवे थर बेसाल्टचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वर आला, लांबवर पसरला, थिजला आणि त्याच्यावर पुढचा आला. चिखलदऱ्याला हे थर समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्याही वर आहेत. पायथ्याशी अकोट-परतवाड्याकडे जमीन ३००-४०० मीटरवर येते, आणि तिथे बेसाल्ट गाठायचा तर आधी नदीचा गाळ भेदून खाली जावं लागतं. म्हणजे फॉल्टच्या उत्तरेची बाजू उचलली गेली आणि दक्षिणेची खचली. हे एका रात्रीत झालेलं नाही. एकेका मोठ्या भूकंपात जमीन सरकते ती फार तर काही मीटर, आणि मग हजारो वर्षं गप्प बसते. असं लाखो वर्षं चाललं. वरून पाऊस आणि ओढे कडा झिजवत राहिले, त्यामुळे आज दिसतो तो उतार फॉल्टचा आणि पाण्याचा असा दोघांचा मिळून आहे.

(छिंदवाडा जिल्हा, तान नदीचं खोरं : उघडे खडक, कॅमेरा जवळ)

पण तुटण्याची ही जागा लाव्हाहून कितीतरी जुनी आहे. पूर्वेला तान नदीच्या बाजूला बेसाल्टचं पांघरूण नाही, तळाचे खडक उघडे आहेत. त्यांच्यातले पांढरे-गुलाबी पट्टे बघा, ओढून लांब केलेले, एकाच दिशेला पडलेले. थंड खडकावर ताण आला तर तो तुटतो. जमिनीत अनेक किलोमीटर खोल, तापलेला खडक तुटत नाही, तो अतिशय सावकाश वाहतो. हे पट्टे त्या वाहण्याचे. तेव्हा डायनोसॉर सोडाच, जमिनीवर झाडंसुद्धा नव्हती. मग कोट्यवधी वर्षांनी लाव्हा आला, सगळं झाकून गेला. आणि पुन्हा ताण आला तेव्हा वरचा नवा खडकसुद्धा त्याच जुन्या रेघेवर तुटला. एकदा कमजोर झालेली जागा अशी पुन्हा पुन्हा कामाला येते.

(सालबर्डी : नदीचं पात्र, दरडीचा पृष्ठभाग, हात)

सालबर्डीला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. आमचा कॅमेरा मात्र नदीच्या कडेला रेंगाळला, आणि त्याचं आम्हाला काही वाईट वाटत नाही. ही दरड पाहा. घासून चकचकीत झालेली, अंगावर समांतर रेघा. एका बाजूने बोट फिरवलं तर गुळगुळीत लागते, उलट फिरवलं तर बारीक पायऱ्यांना अडतं. खडकाची एक बाजू दुसरीला घासत कोणत्या दिशेला सरकली, ते असं बोटाला कळतं. शेजारी खडकाचा चुरा आहे, चिमटीत घेतला की पीठ होतो. भेगांमधून कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा गेल्या आहेत. इथून कधीकाळी पाणी वाहिलं, जाताना चुना ठेवून गेलं.

पाणी अजूनही फिरतं. पावसाचं पाणी या भेगांमधून खोल जातं, तिथे तापतं आणि चिरडलेल्या खडकातून वाट काढत वर येतं. सालबर्डीचं गरम पाणी ते हेच. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.

याच परिसरात, पायी फिरता येईल एवढ्या अंतरात, तळाचा ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार जुना खडक), त्यावरचा भारत गोंडवना महाखंडाचा भाग होता तेव्हाचा वालुकाश्म, मग लॅमेटा नावाचे, लाव्हाच्या जरा आधीचे चुनखडीचे थर आणि सगळ्यात वर बेसाल्ट असा सगळा ढीग उघडा पडलेला आहे. लॅमेटाच्या थरांत डायनोसॉरची हाडं आणि अंडी सापडली आहेत. फॉल्टने हा तुकडा वर ढकलला नसता, तर हे सगळं अजून बेसाल्टखाली गाडलेलं राहिलं असतं.

(पूर्णा नदी : उभी दरड, थरांवरून सावकाश खाली)

आता खचलेली बाजू. वऱ्हाडच्या या खळग्यात सातपुड्याचाच माल येऊन पडला. पूर्णा बैतूल जिल्ह्यात उगम पावते, डोंगरातून मैदानात उतरते आणि चक्क पश्चिमेला वळते. महाराष्ट्रातल्या गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेला जात असताना ही उलटी चाल पूर्णेने आणि तापीने धरली, कारण जमिनीने वाटच तशी आखून दिली होती. चांगदेवला दोघी एकत्र येतात. सातपुडा ते पूर्णा या पट्ट्यात गाळाची जाडी काही ठिकाणी ३०० मीटरच्या पुढे जाते. वाळू, पिवळी माती, चुनखडे आणि मध्येच ही फिकट राख. ही वऱ्हाडातली नाही. सुमारे ७५,००० वर्षांपूर्वी सुमात्रात टोबा ज्वालामुखी फुटला, त्याची राख इथवर आली.

पूर्णेच्या जवळ, चिकणमातीच्या पट्ट्यात, पाणी जेमतेम हलतं. कोरड्या हवेत बाष्प उडून जातं, क्षार मागे राहतात. अमरावती, अकोला, बुलडाण्याचा खारपाणपट्टा तो हाच. विहीर भरलेली आणि प्यायला पाणी नाही.

भूकंपांबद्दलही दोन ओळी. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात मोठा धक्का बसला होता. २०१८ मध्ये मेळघाटात सादराबाडीला जमिनीतून आवाज येत होते, लोक घराबाहेर झोपले.

(वान धरण, मग पायथ्याचा कोरडा नाला, गोटे, ट्रॅक्टर)

खारपाणपट्ट्यातल्या कित्येक गावांच्या नळाला वान धरणाचं पाणी येतं, म्हणजे पुन्हा डोंगराचंच. पण डोंगर आणि खारं पाणी यांच्या मधला हा पट्टा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. वान, शहानूर, चंद्रभागा या इथल्या नद्या कड्यावरून उतरतात आणि उतार संपला की हातातले गोटे, वाळू, जाडी भरड इथेच टाकतात. याला बझाडा म्हणतात. नाला इथे येऊन आटतो, लोकांना वाटतं पाणी गेलं. ते जमिनीत गेलेलं असतं, आणि पुढे अंजनगाव-अचलपूरच्या संत्र्याच्या बागांत बोअरला लागतं. तिकडे वरूड-मोर्शीत बोअर हजार फुटांच्या घरात पोचलेत. बंधारे घालायचे तर या गोट्यांच्या पट्ट्यात घाला. खाली गावालगत चिकणमातीवर घातलेल्या बंधाऱ्यात पाणी उभं राहतं, फोटोला छान दिसतं आणि मार्चपर्यंत उन्हाने उडून जातं. आणि इथले गोटे-वाळू ट्रॅक्टरने उचलून नेली, तर पाणी मुरण्याची जागाच उचलली जाते.