गळती आतून बुजवू नका

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय छापलाय 'डेकवरची फिटिंग नव्याने कशी बसवायची', डेक म्हणजे होडीची वरची पाट आणि फिटिंग म्हणजे तिच्यावर बोल्टनी बसवलेल्या वस्तू, आणि ते मी सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ती कळली नाही तर फिटिंग कितीही सुबक बसवा, उपयोग शून्य. गोष्ट एवढीच की होडीतली गळती आतून बुजवायची नाही. कधीच नाही. भर समुद्रात पाणी भरायला लागलं तर हाताला येईल ते कोंबा, गादी कोंबा, शर्ट कोंबा, त्याबद्दल मी बोलत नाहीये. होडी धक्क्याला बांधलेली असताना सुट्टीच्या दिवशी केबिनमध्ये निवांत बसून सिलिकॉनच्या नळीने आतल्या फटीवर जी रेघ ओढली जाते ना, तिच्याबद्दल बोलतोय. हात वर करायला सांगत नाही, पण निम्म्या होड्यांमध्ये ती रेघ असणार.

आमच्या एका मित्राची 26 फुटी होडी आहे, फायबरग्लासची. पाऊस पडला की उजव्या बंकवर, म्हणजे झोपायच्या बाकावर, गादीचा कोपरा ओला. बंकच्या बरोबर वर खिडकी, म्हणजे खिडकीच गळतेय, आणखी काय असणार, हे त्याने ठरवूनच टाकलं. बाहेरून फ्रेमभोवती सिलिकॉन मारलं. गादी ओलीच. मग जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन. तरी ओलीच. शेवटी त्याने आतून, खिडकीची फ्रेम आणि आतलं अस्तर यांच्यामधल्या फटीत जाडजूड वळी भरली, बोटाने दाबून गुळगुळीत केली, वरून पांढरा रंग दिला, आणि काय सांगू, गादी कोरडी! भेटेल त्याला बोलावून दाखवायचा. पुढचा सबंध मोसम कोरडा गेला. नंतर एकदा त्याची बायको जेटीवरून होडीत चढताना स्टँचनला, म्हणजे रेलिंगच्या खांबाला धरून डेकवर आली आणि म्हणाली, "अहो, इथे पाय टाकला की डेक दबतोय."

तेव्हा मला बोलावणं आलं. हातोडीच्या दांड्याने टोकत गेलो. चांगल्या डेकचा आवाज कसा टणक येतो तुम्हाला माहितीये, इथे स्टँचनच्या बुडापासून खिडकीपर्यंत नुसतं भद्द, भद्द. आधी त्याला आतली ती रंगवलेली वळी कापून काढायला लावली, त्याच्या जिवावर आलं पण काढली, आणि वळी निघाल्याबरोबर आतून तपकिरी पाणी ओघळायला लागलं, आंबूस वास, आणि तेव्हा आठवडाभर पाऊस नव्हता बरं का. मग पाइप लावला. खिडकीवर पंधरा मिनिटं पाणी, आत थेंब वाढला नाही. खिडकी निर्दोष होती! पाइप हातभर पुढे नेऊन स्टँचनच्या बुडाशी धरला, आणि थोड्या वेळाने खिडकीच्या कोपऱ्यातून धार.

घडलं होतं ते असं. स्टँचन डेकला चार बोल्टनी बसवलेला असतो, आणि होडीत चढणारा प्रत्येक माणूस त्याचं वरचं टोक धरूनच स्वतःला ओढून घेतो. एवढ्या लांब दांड्याची तरफ त्या चार बोल्टांवर पडते, बुडाखालचं सीलंट, म्हणजे पाणी अडवणारा चिकट मसाला, तुटतं, केसाएवढी फट पडते. डेक एकसंध नसतो, वर फायबरग्लासचा थर, खाली एक थर आणि मध्ये बाल्साचं लाकूड, काही होड्यांत प्लायवूड. बोल्टच्या भोकातून पाणी बाल्सात जातं, थोडं खाली उतरून डेक आणि अस्तर यांच्यामधून उताराने वाहत जातं आणि पहिली उघडी जागा मिळेल तिथे बाहेर पडतं. ती जागा म्हणजे खिडकीचा कोपरा. मित्राने पाण्याची येण्याची वाट उघडी ठेवली आणि जाण्याची बंद केली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे इतकं तंतोतंत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. चार बोल्ट नव्याने बसवायचं एका दुपारचं काम होतं, त्याऐवजी डेकचा वरचा थर कापून काढणं, कुजलेला बाल्सा खरवडणं, उरलेलं लाकूड वाळवणं, नवा तुकडा बसवून इपॉक्सीने, म्हणजे हार्डनर मिसळला की कडक होणाऱ्या राळेने, पुन्हा थर देणं, सगळा उन्हाळा त्यात गेला.

आणि ही तर डेकची गोष्ट, डेक दबतो तरी. चेनप्लेटचं काय? डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या डेकमधून खाली जातात. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा जो पातळ थर असतो तो टिकायला ऑक्सिजन लागतो. डेकच्या जाडीत पाणी साचून राहिलं, हवा नाही, की तिथे फटीतला गंज धरतो, वर पट्टी चकचकीत, खाली चकचकीत, आणि मधल्या दोन सेंटिमीटरमध्ये भेगा. खालून सिलिकॉन लावून तुम्ही ते पाणी तिथेच कोंडता. तार सुटली की डोलकाठी आडवी. मला याची खरंच भीती वाटते म्हणून मी प्रत्येक ठिकाणी हे बोलतो.

मग शोधायचं कसं? आधी पाण्याची चव बघा, जिभेच्या टोकावर एक थेंब, डिझेलचा वास येत नसेल तर. खारट असेल तर समुद्राचं, गोडं असेल तर पावसाचं नाहीतर टाकीचं, निम्मा शोध तिथेच संपतो. ज्यांची डोलकाठी डेकमधून थेट कीलपर्यंत, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्यापर्यंत उतरते त्यांनी लक्षात ठेवा, दोऱ्या बाहेर येण्याच्या भोकांतून पावसाचं पाणी काठीच्या आतून बिल्जमध्ये, म्हणजे होडीच्या आतल्या तळाशी येतं, ती होडीची फूट नाही, उगाच हल, म्हणजे होडीचं बाहेरचं कवच, खरवडत बसू नका. नंतर आतली सगळी ओल पुसून कोरडं करा, एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने पाइप, आणि पाणी नेहमी खालून वर न्यायचं. वरून सुरू केलं तर सगळंच एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. याहून चांगली युक्ती म्हणजे खिडक्या-झाकणं टेपने बंद करायची, हवा फेकणारा ब्लोअर लावून केबिनमध्ये किंचित दाब करायचा आणि डेकवर साबणाचं पाणी फिरवायचं. बुडबुडा जिथे येईल ती पाण्याची येण्याची जागा.

एक गळती मात्र असायलाच हवी. इंजिनाचा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथे जुन्या पद्धतीची दोरीची पॅकिंग असेल तर शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडू द्यायचे, तेच पाणी त्याला थंड ठेवतं. थेंब दिसला म्हणून नट आवळत गेलात तर पॅकिंग तापते आणि शाफ्टवर चरे पडतात.

लाकडी होडीवाले कोणी आहेत? आहेत, छान. तुमच्याकडे उलटा घोटाळा होतो. होडी बरेच महिने जमिनीवर राहिली की फळ्या सुकून फटी दिसायला लागतात, आणि उत्साहाने त्यात इपॉक्सी किंवा कडक पुट्टी भरली जाते. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगणार, त्यांना फुगायला जागाच नाही, मग जोर जातो आतल्या फासळ्यांवर आणि त्या मोडतात. फटीत सुती धागा आणि दबणारंच सीलंट हवं. बाहेरून बुजवण्याचं म्हणाल तर ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचं उदाहरण आहेच. 1968 साली 'सुहाइली' या 32 फुटी सागवानी होडीतून ते एकटे, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, आणि अटलांटिकमध्येच कीलजवळचा सांधा दोन्ही बाजूंनी पाणी घ्यायला लागला. ते खाली पाण्यात उतरले, आधी सांधा बघितला, आणि मग बाहेरूनच कापूस, त्यावर कॅनव्हासची पट्टी, त्यावर तांब्याचा पत्रा ठोकला, तेही श्वास रोखून, बुडी मारून मारून. 1969 च्या एप्रिलमध्ये प्रदक्षिणा पुरी झाली. आपण तर जेटीला बांधलेलो असतो.

संयोजक घड्याळ दाखवतायत, बरोबर आहे, आता पत्रिकेतला विषय पटपट घेतो, लिहून घ्या.

फिटिंग काढली की जुनं सीलंट पूर्ण काढा. सिलिकॉन असेल तर ॲसिटोनने निघत नाही, खरवडावं आणि घासावंच लागतं, आणि त्याचा अदृश्य थर राहिला तर त्याच्यावर काहीच चिकटत नाही, रंगाला डोळे पडतात, नवं सिलिकॉनसुद्धा धरत नाही. डेकवर त्याला माझा विरोध आहे तो यासाठी, ॲक्रिलिकच्या खिडकीला योग्य जातीचं सिलिकॉन चालतं. दुसऱ्या टोकाचे लोक कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन वापरतात, मग पुढच्या वेळी फिटिंगबरोबर जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा चकचकीत थर, तोही उखडून येतो. पॉलिसल्फाइड चांगलं, पण ते प्लास्टिकच्या खिडक्या खातं, तिथे नको.

भोक मोठं करा, वाकवलेला खिळा ड्रिलला लावून दोन थरांमधला बाल्सा भोकाभोवती सेंटिमीटरभर खरवडून काढा, घट्ट केलेली इपॉक्सी भरा, वाळली की त्यातून बोल्टचं भोक पाडा. आता पाणी शिरलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच घ्या, हार्डनर जास्त घालून ती लवकर वाळत नाही, कच्ची राहते. भोकाची वरची कड तिरपी कापा, म्हणजे तिथे सीलंटचं कडं बनतं. ब्युटिल टेप, म्हणजे रबरासारखी मऊ चिकट पट्टी, बोल्टच्या डोक्याखाली गुंडाळा, फिटिंगखाली लावा, बोल्ट वरून स्थिर धरून नट खालून फिरवा, बोल्ट फिरवला तर सील तुटतं. एकदम आवळू नका, थोडं आवळा, दुसऱ्या दिवशी थोडं, बाहेर येईल ते कापा. खाली जाड पट्टी द्या, नुसता वॉशर नको. आणि खालून सीलंट लावू नका, उद्या गळलं तर दिसू दे.

ब्युटिल पाण्याखाली नको आणि डिझेलजवळही नको. पाण्याखालच्या फिटिंगला पितळ वापरू नका, समुद्राच्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि उरतं ते गुलाबी, ठिसूळ तांबं, ब्राँझच हवं. व्हॉल्व्ह आणि थ्रू-हल, म्हणजे कवचातून आरपार जाणारी नळी, यांचे आटे एकाच जातीचे बघून घ्या, एक सरळ आणि एक निमुळता असेल तर दोन-तीन आट्यांवरच सगळं लटकतं. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर 25 मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला 60 लिटरच्या आसपास पाणी आत येतं, छोटा बिल्ज पंप तेवढं फेकत नाही, म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी मऊ लाकडाचं खुंटीसारखं बूच दोरीने बांधून ठेवा.

ब्युटिलचा रोल आणि मित्राच्या डेकमधून कापलेला तुकडा पुढच्या टेबलावर ठेवलाय, हातात घेऊन बघा, बाल्सा बोटाने दाबला तरी चुरा होतोय. प्रश्न तिथेच विचारा.