पहिल्या अंकात सौदा दिसला पाहिजे

नमस्कार मंडळी. नवी कॉमिक्स मालिका सुरू करायची आहे, नायिकेच्या अंगात अलौकिक शक्ती आहे आणि शहर आपलं नागपूर आहे. तिच्या पहिल्या अंकात काय असावं, एवढाच आजचा विषय. हा अंक आम्ही सध्या घडवतो आहोत, म्हणून थोडं इतिहासाबद्दल आणि थोडं आमच्या पानांबद्दल बोलेन.

सुपरहिरोंच्या मला दोन जाती दिसतात. एकाला शक्ती मिळते ती योगायोगाने. कोळी चावतो, प्रयोगशाळेत स्फोट होतो, मूल दुसऱ्या ग्रहावरून येऊन शेतात पडतं. त्याने कुणाकडून काही घेतलेलं नसतं. दुसऱ्याला शक्ती कुणीतरी देतं, आणि देणारा फुकट देत नाही. भूत, सैतान, शाप, नवस, कुठूनही आलेली असो, ती उचल असते आणि ती फेडावी लागते. म्हणून माझं म्हणणं असं की अलौकिक नायकाच्या पहिल्या अंकात वाचकाला शक्तीच्या आधी तो सौदा कळला पाहिजे. शक्ती बघून टाळ्या मिळतात, पण दुसरा अंक विकत घ्यायला लावतो तो सौदाच.

1940 सालचा स्पेक्टर हा अमेरिकी कॉमिक्समधला नायक बघा. जिम कॉरिगन हा पोलीस डिटेक्टिव्ह. गुंड त्याला सिमेंटच्या पिंपात बुडवून मारतात. तो वर जातो तेव्हा त्याला सांगितलं जातं की पृथ्वीवरची दुष्टाई संपेपर्यंत तुला विश्रांती नाही. परत आल्यावर त्याला काय करावं लागतं? ठरलेलं लग्न मोडावं लागतं, कारण आपण मेलेलो आहोत हे होणाऱ्या बायकोला सांगायचं कसं? ही सगळी मांडणी पहिल्या दोन भागांतच उरकली आहे.

मग 1954 साली अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली आणि चालती प्रेतं, रक्तपिपासू, लांडगा होणारी माणसं कॉमिक्समधून हद्दपार झाले. 1971 मध्ये ती सैल झाली आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1972 च्या अंकात, जळत्या कवटीचा घोस्ट रायडर आला. त्या अंकातला सौदा मला फार मोलाचा वाटतो. जॉनी ब्लेझ हा मोटारसायकलवर कसरती करणारा पोरगा. ज्याने त्याला लहानाचं मोठं केलं, त्या क्रॅश सिम्पसनला कॅन्सर झालेला असतो. जॉनी सैतानाला सांगतो, याला या रोगातून वाचव. सैतान शब्द पाळतो आणि कॅन्सर बरा होतो. मग क्रॅश त्याच्या मोटारसायकलच्या उडीत मरतो! मागणं अक्षरशः पुरं झालं आणि तरीही सगळं गेलं. लेखकाने इथे एका ओळीचंही प्रवचन दिलेलं नाही. घटनाच इतकी घट्ट रचली आहे की वाचकाला करारातली फट आपोआप दिसते.

1992 च्या स्पॉन या कॉमिक्स मालिकेत तर किंमत आकड्यात छापलेली आहे. बायकोला पुन्हा पाहता यावं म्हणून मेलेला सैनिक नरकाशी करार करतो. त्याच्या शक्तीचा साठा 9:9:9:9 असा मोजला जातो आणि प्रत्येक वापरागणिक कमी होतो. पहिल्या अंकाच्या सुमारे 17 लाख प्रती खपल्या. त्या काळी पहिले अंक साठवून ठेवण्याचं वेड होतं, हे खरं. पण तो आकडा खाली उतरताना बघून पोटात जो खड्डा पडतो, तो साठवणुकीच्या वेडाने पडत नाही.

आणि या बाबतीत आपण कुणाचे ऋणी नाही. विक्रम-वेताळ आठवा. चांदोबात शंकर यांनी काढलेलं ते चित्र, खांद्यावर प्रेत, हातात तलवार. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि तोंड उघडलंस तर मी पुन्हा झाडावर. पंचवीस गोष्टी या एका अटीवर चालतात. मालिका कशी चालवावी याचा याहून चांगला धडा मला कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडलेला नाही. अट पहिल्याच भेटीत सांगितली जाते आणि शेवटपर्यंत बदलत नाही. वेताळ झाडावर का राहतो, हे मात्र आपण विचारत बसत नाही. अट स्वच्छ आणि भूत धूसर, हे प्रमाण पहिल्या अंकात सांभाळायचं.

आता आपल्या गावाकडे येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपूरच्या इतवारी भागात उभे राहिलेले बरेच जण इथे बसलेत. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, मागे महागाई, भ्रष्टाचार यांचे पुतळे, म्हणजे बडगे, आणि हजारो गळे एकच ओरडतात: "रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत!" कुणी तिला पूतनेचं रूप मानतं. शेवटी तिचं दहन होतं. वर्षानुवर्षं हे शहर आपली इडापीडा तिच्यावर सोपवत आलंय. मग ती पीडा जाते कुठे? आमची मालिका याच प्रश्नातून उभी राहिली.

नायिका सोळा वर्षांची आहे. मारबतीच्या सांगाड्यासाठी बांबूच्या कामट्या सोलणाऱ्या कारागिराची मुलगी. धाकटा भाऊ तापाने फणफणलेला असताना ती मारबतीला म्हणते, "त्याचं दे मला." तिचं मागणं ऐकलं जातं. पुढे ती ज्याला हात लावेल त्याचं दुखणं तिच्या अंगात येतं, आणि जे आलं ते परत जात नाही. ते दुखणंच तिचं बळ आहे. खलनायकाला ती हरवते ते दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्याच्या जोरावर. मारबत दिसते कशी, बोलते का, यातलं काहीही या अंकात नाही. लोकांच्या श्रद्धेची गोष्ट आहे, म्हणून आम्ही तिला राक्षसीण करून हास्यास्पदही केलेलं नाही.

पानांविषयी दोन गोष्टी सांगतो. पान 1 उजवीकडे येतं, त्यामुळे सम क्रमांकाचं पान उलटल्याशिवाय दिसत नाही. धक्का तिथेच ठेवायचा. विषम पानावर ठेवलात तर शेजारचं पान वाचतानाच डोळा तिकडे पळतो. 24 पानांच्या आमच्या अंकात सौदा पान 8 वर आहे आणि पहिली मारामारी थेट 14 वर. दुसरी गोष्ट अक्षरांची. इंग्रजीत सगळी कॅपिटल अक्षरं एकाखाली एक दाटीने बसतात. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, ओळींत जागा सोडावीच लागते. संवादाचा फुगा फुगतो आणि चित्र खाऊन टाकतो. म्हणून कमी बोला. आमची पोरगी, "काहून रडून राहिली?" असं आई विचारते तेव्हा फक्त मान हलवते. तिच्या अंगातली पीडा बोलते त्या फुग्यांत आम्ही अक्षरांची शिरोरेषा काढून टाकली. वाचणारा क्षणभर अडखळतो, आणि तो तिथे अडखळावा हेच आम्हाला हवं होतं.

शेवटच्या पानासाठी चित्रकाराने मोठा राक्षस सुचवला होता. मी नको म्हटलं. भाऊ बरा झाल्याची बातमी वस्तीत पसरते आणि सकाळी दारासमोर रांग लागते. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट. सगळे शेजारी, सगळे ओळखीचे, आणि एकही माणूस वाईट नाही. दुसऱ्या अंकाची संहिता या रांगेतल्या पहिल्या माणसापासून सुरू होते.