धष्टपुष्ट जनावरावर संशय

मंडळी, आज मी एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. थिओबाल्ड स्मिथ. पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी हे नाव परजीवीशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या तासाला ऐकलेलं असतं आणि परीक्षा संपल्यावर विसरलेलं असतं. इथे बसलेल्या पशुपालकांनी बहुधा ते कधी ऐकलेलंच नसेल. तरी तुमच्या गोठ्यातल्या कालवडीशी त्याचा संबंध माझ्यापेक्षा जवळचा आहे.

स्मिथचा जन्म 1859 साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा. आई-वडील जर्मनीहून आलेले, त्यामुळे घरातच जर्मन भाषा. याचा पुढे मोठा फायदा झाला. रॉबर्ट कॉखचं नवं जंतुशास्त्र त्या काळी जर्मनमध्ये छापलं जायचं आणि अमेरिकेत ते शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं. स्मिथने ते वाचून वाचून स्वतःच आत्मसात केलं. 1883 मध्ये तो डॉक्टर झाला, पण दवाखाना काही थाटला नाही. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनला सरकारच्या नव्या पशुउद्योग खात्यात लागला. माणसांचा डॉक्टर आणि कामाला डुकरांच्या रोगावर. तिथे त्याने एक जंतू वेगळा काढला. त्या जंतूच्या कुळाला पुढे नाव मिळालं साल्मोनेला, म्हणजे स्मिथच्या साहेबाचं, डॅनियल साल्मनचं. नोकरी करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. शिवाय तो जंतू त्या डुकरांच्या रोगाचं खरं कारणही नव्हता, कारण विषाणू होता हे पुढे कळलं.

आता मुद्द्यावर येतो. टेक्सासची गुरं लांब शिंगांची आणि काटक. यादवी युद्धानंतर ती उत्तरेच्या बाजारांकडे हाकत नेली जाऊ लागली. ती स्वतः ठणठणीत असायची. पण ज्या वाटेने ती चरत जायची, त्या वाटेवर नंतर चरलेली उत्तरेकडची गुरं साधारण महिन्याभराने ताप येऊन पडायची. लघवी लाल, रक्त पाण्यासारखं पातळ, आणि बघता बघता दावण रिकामी. 1868 मध्ये इलिनॉयमध्ये याचा कहर झाला. कॅन्ससचे शेतकरी तर दक्षिणेचे कळप अडवायला बंदुका घेऊन उभे राहत. उलट बाजूने बघा, उत्तरेची चांगली जातिवंत गाय दक्षिणेत नेली की तीही मरायची.

कारण काय? विद्वानांचा संशय दक्षिणेच्या गुरांच्या शेणावर, मुतावर, लाळेवर होता. गुरं पाळणारे म्हणत होते, गोचीड. त्यावर जाणकार हसत. गोचीड एका गायीवर चढते, तिथेच मोठी होते, रक्त पिऊन फुगते आणि खाली पडून मरते. ती दुसऱ्या गायीकडे जातच नाही, मग रोग नेणार कसा? आक्षेप अगदी बिनतोड होता, हे मान्य करायला हवं.

जून 1889 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातून सात गुरं वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगक्षेत्रावर आणली. स्मिथबरोबर पशुवैद्य किलबोर्न होता. चार गुरं अंगावरच्या गोचिडींसकट एका कुरणात सोडली, सोबतीला उत्तरेची निरोगी गुरं. उरलेल्या तिघांच्या अंगावरची एकेक गोचीड हाताने वेचून काढली आणि मग त्यांना दुसऱ्या कुरणात उत्तरेच्या गुरांबरोबर ठेवलं. भर उन्हाळ्यात गायीच्या कासेखाली वाकून गोचिडी वेचायच्या, आणि एक जरी राहिली तरी प्रयोग वाया! पहिल्या कुरणातली उत्तरेची गुरं तापाने पडली. दुसऱ्यात काही झालं नाही. मग दक्षिणेचं एकही गुरू न ठेवता नुसत्या गोचिडी कुरणात टाकल्या, तिथेही रोग आला. म्हणजे शेण, मूत, लाळ यांचा संबंध नव्हता.

पण त्या बिनतोड आक्षेपाचं काय? त्याचं उत्तर 1890 मध्ये मिळालं. फुगलेली मादी गायीवरून खाली पडते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. त्या अंड्यांतून निघालेली पिल्लं गवताच्या पात्यावर चढून पुढच्या जनावराची वाट बघतात. स्मिथने प्रयोगशाळेत अंडी उबवली आणि ती पिल्लं एका कालवडीवर सोडली. या पिल्लांनी त्याआधी जन्मात कुठल्याही गायीला तोंड लावलेलं नव्हतं. तरी कालवडीला तोच ताप आला, ज्याला टेक्सास ताप म्हणत. रोग गोचिडीच्या अंड्यातून पुढच्या पिढीत उतरतो! मधला महिना कशाचा, हेही सुटलं: अंडी उबायला लागणारा वेळ. आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजारी गायीच्या तांबड्या पेशींमध्ये त्याला जोडीजोडीने बसलेले, पेअर फळाच्या आकाराचे परजीवी दिसले. आज आपण त्याला बबेशिया म्हणतो.

अहवाल 1893 मध्ये निघाला, स्मिथ आणि किलबोर्न यांच्या नावाने. गोचिडीचं जीवनचक्र ज्याने आधी उलगडलं होतं तो कूपर कर्टिस मुखपृष्ठावर नव्हता, आणि श्रेय मिळालं नाही ही सल त्याला राहिली. रोगाचा एकपेशीय परजीवी किडा-गोचिडीसारखा प्राणी पसरवतो, याचा हा पहिला पक्का पुरावा. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला तो यानंतर, 1897 मध्ये. आपण रॉसचं नाव शाळेत शिकतो. स्मिथचं शिकत नाही, कारण त्याचे रुग्ण बैल होते.

मला मात्र या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. दक्षिणेची गाय निरोगी का? तिला वासरूपणीच गोचीड लागलेली असते. त्या वयात रोग सौम्य येतो, निभावतो, आणि परजीवी रक्तात थोड्या संख्येने राहून जातो. अशा धडधाकट गायीचं रक्त उत्तरेच्या गायीला टोचलं तर ती आजारी पडायची. म्हणजे आजारी जनावर हा रोगाचा शेवट असतो, त्याचं घर शोधायचं तर शेजारी रवंथ करत उभ्या असलेल्या धष्टपुष्ट जनावराकडे बघावं लागतं. स्मिथच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामात हा धागा सारखा दिसतो.

टर्की पक्ष्यांचंच घ्या. ऱ्होड आयलंडमध्ये टर्की पाळणारे हवालदिल झाले होते. पिवळी विष्ठा, मान टाकलेली, आणि मेलेला पक्षी उघडला की यकृतावर गोल, खोलगट डाग. ब्लॅकहेड म्हणत त्याला. 1895 मध्ये स्मिथने यकृतात आणि आंधळ्या आतड्यात त्याचा परजीवी दाखवला. पण एक कोडं राहिलं. हा नाजूक जीव शरीराबाहेर काही तासांत मरतो, मग जमीन वर्षानुवर्षं बाधित राहते कशी? उत्तर यायला पंचवीस वर्षं गेली. मधल्या काळात स्मिथ हार्वर्डला गेला, गायीचा आणि माणसाचा क्षयजंतू वेगळे आहेत हे दाखवलं, मग प्रिन्स्टनला रॉकफेलर संस्थेत आला. तिथे 1920 मध्ये त्याने आणि ग्रेबिलने (हा ग्रेबिल आधी गोचिडींवरच काम केलेला) टर्कीच्या पिलांना हेटेराकिस नावाच्या आतड्यातल्या बारीक जंताची अंडी खाऊ घातली आणि ब्लॅकहेड आला. परजीवी जंताच्या अंड्यात लपून राहतो आणि ते अंडं मातीत वर्षं काढतं. हा जंत सर्वांत सुखाने कुठे नांदतो? कोंबडीत. आणि कोंबडीला फारसं काही होत नाही.

म्हणून टर्की आणि कोंबड्या एका आवारात ठेवू नयेत. हा नियम जुनाट वाटेल, पण अमेरिकेत या रोगावरचं शेवटचं औषध, नायटार्सोन, 2015 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यात आर्सेनिक होतं. आता तिथे मोठाल्या टर्की उत्पादकांनाही याच नियमाचा आधार आहे.

कोंबडीवाल्यांनी कॉक्सीबद्दल, म्हणजे कॉक्सिडिऑसिस या आतड्याच्या रोगाबद्दल विचारलं होतं, तेवढं सांगून टाकतो. हार्वर्डमध्ये स्मिथच्या जागी आलेल्या टायझरने त्या परजीवीच्या निरनिराळ्या जाती ओळखल्या. तिथेही गणित तेच. ओल्या तुसातून एकदम मोठा मारा झाला तर रक्ती हगवण होऊन पिलं मरतात, थोडा थोडा संसर्ग झाला तर प्रतिकार तयार होतो. कॉक्सीची जिवंत लस, जी 1952 पासून बाजारात आहे, ती याच हिशोबावर चालते.

आता आपला गोठा. मला नेहमी एकच तक्रार ऐकू येते: शेजाऱ्याच्या गावठी गायीच्या अंगावर गोचिडी लोंबतात, तिला काही होत नाही, आणि माझी लाखाची संकरित गाय तापाने गेली. आपल्याकडे बबेशियाबरोबर थायलेरिया हा दुसरा परजीवीही आहे, तो दुसऱ्या जातीची गोचीड आणते. खिलार, डांगी या जनावरांनी या परजीवींबरोबर पिढ्यानपिढ्या काढल्या आहेत. विदेशी होल्स्टीनच्या रक्ताला त्यांची ओळख नाही. शेजाऱ्याची गाय म्हणजे टेक्सासचा बैल आणि तुमची म्हणजे इलिनॉयची कालवड. इंजेक्शनने आजची गाय वाचते, गवतातली पिल्लं तशीच राहतात. आणि एक कडू गोष्ट. गोचिडींवरचं औषध मनाला येईल तेव्हा, अर्ध्या मात्रेत मारणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. गोचीड औषधाला सरावते, वासरांना लहानपणी मिळायचा तो प्रतिकारही मिळत नाही. डेल्टामेथ्रिनला न जुमानणाऱ्या गोचिडी आपल्या देशात सापडलेल्या आहेत.

अमेरिकेने अर्धवट काही केलं नाही. 1906 पासून दक्षिणेतलं प्रत्येक गुरू आर्सेनिकच्या टाकीत ठरावीक दिवसांनी बुडवायचं, अशी मोहीम काढली, आणि त्यात तो कूपर कर्टिस पुढे होता. शेतकरी चिडले, काही ठिकाणी टाक्या सुरुंगाने उडवल्या. पण मोहीम थांबली नाही. 1934 मध्ये स्मिथ गेला, आणि 1943 मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरचा एक पट्टा सोडून देश या गोचिडीतून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

त्या पट्ट्यात आजही घोड्यावरून गस्त चालते. गायी पकडून बुडवता येतात. हरणं येत नाहीत. आणि टेक्सासवाल्यांनी गेल्या शतकात शिकारीच्या हौसेने हिंदुस्थानातला एक प्राणी नेऊन सोडला, तो तिथे मोकाट वाढला. मैलोन्‌मैल फिरतो, कुंपण जुमानत नाही, गोचिडी वाहतो आणि स्वतः दिसतो मात्र एकदम तगडा. विदर्भातल्या मंडळींना त्याची ओळख करून द्यायला नको. नीलगाय, तुमची रोही.