गुडघ्याखाली टेंगूळ आलंय? चोळू नका, आधी तास मोजा

नमस्कार मंडळी, आज आईबाबांशी बोलायचंय, पण कोच लोकांनीपण ऐका.

माझा भाचा 13 वर्षांचा. सकाळी गांधी मैदानावर पेठेतल्या पोरांबरोबर फुटबॉल, संध्याकाळी शाळेची टीम, रविवारी अकॅडमी. परवा बघतोय तर कठडा धरून एकेक पायरी उतरतोय, म्हणून गुडघा बघितला तर वाटीच्या खाली, नडगी सुरू होते तिथं सुपारीएवढं टेंगूळ, बोट लावलं की कळवळतोय. घरात सगळे म्हणाले वाढीचं दुखणं असतंय, तेल लावून चोळ.

नका चोळू. ह्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, 10 ते 15 वयात लई दिसतंय. ह्या वयात हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू मागं पडतो, ताणून बसतो, आणि तो नडगीला जिथं चिकटलाय ती जागा अजून कच्ची असते, मग प्रत्येक किकला, उडीला, तालमीतल्या प्रत्येक बैठकीला ओढ तिथंच बसते. टाचेत दुखत असेल तर तसाच प्रकार, त्याला सीव्हर्स म्हणतात.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? पोरगं एक, कोच तीन, आणि बेरीज कुणीच केली नव्हती. आम्ही वहीत मांडली तर आठवड्याला 17 तास! साधा हिशोब आहे, जेवढं वय त्यापेक्षा जास्त तास आठवड्याला नकोत, एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातनं 2-3 महिने तरी त्या खेळापासनं लांब.

बहुतेक वेळा पूर्ण घरी बसवावं लागत नाही. खेळ कमी करा, नंतर फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटं बर्फ, मांडीचे व्यायाम फिजिओकडनं शिकून घ्या. थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत गेलं तर चालतंय, लंगडला की बाहेर काढा, फायनल असली तरी. स्प्रे मारून, पेनकिलर देऊन पोराला उतरवू नका हो, हात जोडतो. दुखणं काही महिने येत-जात राहतं, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं, टेंगूळ मात्र राहू शकतं.

रात्री दुखून जाग येत असेल, गुडघा सुजला असेल, ताप असेल तर लगेच डॉक्टर. आणि फास्ट बॉलिंग टाकणाऱ्या पोराची कंबर दोन-तीन आठवडे दुखत असेल तर अजिबात थांबू नका, मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं.

भाच्याचा रविवार सध्या बंद केलाय. तिन्ही कोचना एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलंय, दर शनिवारी रात्री मी तासांचा आकडा टाकतो, ह्या आठवड्याचा 11 आहे.