रविवारचं ऊन, बुधवारचा काळपटपणा: कातडीला उजेड कळतो कसा?

नमस्कार मंडळी. गेले कित्येक दिवस एकच प्रश्न येतोय. "ताई, रविवारी गडावर गेलो होतो, घरी आलो तेव्हा ठीक होतो. मग बुधवारी एवढा काळा कसा दिसायला लागलो?" चला, आज याच्यावरच बोलू.

आधीचं भराभर सांगते, शाळेत झालेलंच आहे. कातडीच्या वरच्या थरात बहुतेक पेशी केरॅटिनोसाइट असतात. त्यांच्या तळाशी अधूनमधून मेलॅनोसाइट, म्हणजे मेलॅनिन हा रंग बनवणाऱ्या पेशी. उन्हात अतिनील किरण असतात, यूव्हीए आणि यूव्हीबी. झालं.

आता नीट ऐका. ऊन थेट रंगाच्या पेशीवर पडलं आणि तिनं रंग काढला, असं बहुतेकांना वाटतं. पण रापण्याचा मुख्य निरोप येतो शेजारच्या केरॅटिनोसाइटकडून. यूव्हीबीनं तिचा डीएनए बिघडतो. पी-५३ नावाचं प्रथिन ते ओळखतं आणि तिथून अल्फा-एमएसएच हे संप्रेरक तयार होऊन बाहेर पडतं. ते मेलॅनोसाइटला जाऊन भिडलं की मेलॅनिन बनायला लागतं. २००७ साली बोस्टनमध्ये डेव्हिड फिशर यांच्या गटानं हे दाखवलं. ज्या उंदरांत पी-५३ नव्हतं, ते रापलेच नाहीत.

वेळेच्या बाजूनं बघा. बिघाड, निरोप, रंग बनणं, रंग वर पोचणं, याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रविवारचं बुधवारी दिसतं.

आता रंग जातो कुठे ते बघा. मेलॅनोसाइट तो स्वतःजवळ ठेवत नाही, आसपासच्या तीसेक केरॅटिनोसाइटना वाटते. त्या पेशी तो केंद्रकाच्या वर छत्रीसारखा धरतात, डीएनएवर ऊन पडू नये म्हणून. म्हणजे कुठूनही बघितलंत तरी आधी इजा, मग रंग. "सुट्टीआधी थोडं रापून घेतलं की मग ऊन बाधत नाही" असं कुणी लिहिलं की मला खरंच राग येतो. त्या रापण्यानं मिळणारं संरक्षण फार थोडं असतं, आणि ते इजा करूनच मिळवलेलं असतं.

आणि लिंबू! दर व्हिडिओखाली कुणीतरी विचारतंच, लिंबू चोळू का? अहो, रंग पेशींच्या आत आहे, चोळून कसा जाईल? उलट लिंबाचा रस अंगावर ठेवून उन्हात गेलात तर त्यातली द्रव्यं यूव्हीएबरोबर मिळून फोड आणतात. त्याचे डाग महिनोन्महिने राहतात. कृपा करून नको.

या सगळ्याच्या आधी घडणारंही काही आहे, आणि मला ते फार आवडतं. डोळ्याच्या पडद्यात उजेड टिपणारं ऱ्होडॉप्सिन मेलॅनोसाइटमध्येही सापडलं. २०११ मध्ये ब्राऊन विद्यापीठात एलेना ओआन्चा यांच्या गटाला दिसलं, की यूव्हीए पडताच काही सेकंदांत या पेशींमधलं कॅल्शियम वाढतं आणि तासाभरात थोडं मेलॅनिन बनू लागतं.

याच गोतावळ्यातलं ऑप्सिन-३. २०१८ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरातल्या गटानं दाखवलं, की निळा प्रकाश त्याच्यामार्फत रंग वाढवतो. हे आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत जास्त होतं आणि जास्त टिकतं. साधं सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाही. वांग असलेल्यांना त्वचातज्ज्ञ आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन सुचवतात ते यासाठी. मोबाइलच्या निळ्या उजेडाची काळजी करणाऱ्यांनो, उन्हापुढे तो अगदीच क्षीण आहे.

माझे मामा ट्रक चालवायचे. त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा कायम गडद, थंडीत काच वर असली तरी. साधी काच यूव्हीबी बरंचसं अडवते, यूव्हीए मात्र आत येतं. "काचेमागे बसून ड जीवनसत्त्व मिळेल का?" याचं उत्तरही यातच आहे. ते यूव्हीबीनं बनतं, त्यामुळे जवळपास नाहीच मिळणार.

एक शेवटचं. सावलीत आलात की नुकसान थांबलं असं समजू नका. येल विद्यापीठाच्या २०१५ च्या संशोधनात मेलॅनोसाइटमधला डीएनए अंधारातही तीन तासांहून जास्त वेळ बिघडत राहिलेला दिसला. तेव्हा सनस्क्रीन उन्हातून आल्यावर नाही, निघायच्या आधी लावा.